जुन्या नटांचे तरुण भक्त

रेल्वे स्टेशनावरचे वजनाचे यंत्र आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. फळीवर उभे राहून नाणे टाकले, की आत काहीतरी खडखडे आणि पुठ्ठ्याचे एक लहानसे तिकीट खाली येऊन पडे. एका अंगाला वजन छापलेले. दुसऱ्या अंगाला कधी भविष्य, तर कधी एखाद्या नटाचे किंवा नटीचे चित्र. आपण वजन वाचत असू, भविष्याला हसत असू, आणि गाडी येईपर्यंत ते तिकीट हातातून कोठे गळून गेले याची आठवणही राहत नसे. त्रिवेंद्रममधला एक मुलगा मात्र १९४० नंतरच्या काळात ही तिकिटे जपून ठेवी. आपल्या वजनाशी त्याला काही कर्तव्य नव्हते. त्याला मागची चित्रे हवी असत. सिनेमाच्या तिकिटांचे उरलेले तुकडेही तो साठवी. तंबूतल्या सिनेमात वाळूवर बसून पाहिलेला खेळ संपला, तरी तो आपल्यापुरता संपू नये, एवढाच त्याचा हेतू असावा. घरच्यांना हा नाद पसंत नव्हता. या मुलाकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

आज पडद्यावर झळकणाऱ्या नटापायी पोरे वेडी होतात, यात नवल नाही. त्या वेडाला बाजारच खतपाणी घालतो. परंतु ज्याचे दिवस सरले, ज्याचे नाव आईबापांनाही नीट आठवत नाही, अशा एखाद्या जुन्या नटावर चौदापंधरा वर्षांचे पोर जीव टाकते, तेव्हा घरात काळजीचे वातावरण पसरते. अभ्यास सोडून हे काय, असा प्रश्न निघतो. आमचे म्हणणे असे आहे, की चित्रपटाचा आणि दूरचित्रवाणीचा जो काही पूर्वेतिहास आज आपल्या हाती उरला आहे, त्याचा फार मोठा हिस्सा अशा पोरसवदा भक्तांनी राखलेला आहे. कंपन्यांनी तो राखला नाही, सरकारे उशिरा जागी झाली, आणि विद्वान तर त्याहूनही उशिरा आले.

महाराष्ट्राला नटाचे वेड शिकवावे लागत नाही. पण रंगभूमीच्या नटाची गोष्ट वेगळी. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. त्यांच्या गळ्याविषयी आम्ही कितीही वाचले, तरी तो गळा आमच्या कानी पडायचा नाही. सिनेमा आला तेव्हा लोकांना वाटले, की आता नट मरणार नाही. तो डबीत बंद झाला. डबीच मरते, हे पुढे कळले.

त्या आधीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०८-०९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मूकपटांत नटांची नावे दाखवीत नसत. नाव झाले की पगार वाढवून मागतील, ही मालकांना धास्ती. बायोग्राफ कंपनीच्या चित्रांतली एक तरुणी प्रेक्षकांच्या मनात भरली, आणि ही कोण, म्हणून विचारणारी पत्रे कंपनीकडे येऊ लागली. नाव ठाऊक नाही, म्हणून लोक तिला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणत. कार्ल लेम्ली या निर्मात्याने तिला आपल्याकडे ओढले. पाठोपाठ, १९१० साली, ती अपघातात मेल्याची आवई उठली, आणि ती खोटी असल्याची मोठी जाहिरात लेम्लीनेच दिली. आवईही त्याचीच, असे इतिहासकार मानतात. आम्हांलाही तसेच वाटते. ती सेंट लुईस शहरात लोकांसमोर आली तेव्हा तिला पाहायला गर्दी लोटली. तिचे नाव फ्लॉरेन्स लॉरेन्स. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९११ साली, सिनेमाला वाहिलेली मासिके निघाली, आणि शाळकरी मुली त्यांतली चित्रे कापून वह्यांत चिकटवू लागल्या. त्यांतल्या काही वह्या आज संशोधक भिंगाखाली धरून वाचतात. नटांना नावे मिळाली ती अशा लोकांनी विचारणा केली म्हणून.

त्याच फ्लॉरेन्स लॉरेन्सने १९३८ साली विपन्नावस्थेत आत्महत्या केली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. तो बसला १९९१ साली, आणि त्याचे पैसे एका ब्रिटिश नटाने स्वतःचे नाव न सांगता दिले.

१९२७ नंतर बोलपट आला, आणि दोनचार वर्षांत मूकपट कवडीमोल झाला. त्या वेळची फिल्म नायट्रेटची. ती भसकन पेट घेई, तिला जागा लागे, राखण लागे. आणि तिच्या लेपात चांदी असे. एवढे सांगितले की पुढचे ओळखता येते. चांदी काढून घेतली, उरलेले फेकले. युनिव्हर्सल कंपनीने १९४८ साली आपल्याकडे उरलेले मूकपट नष्ट करविले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली, तीत असे दिसले, की तिथल्या सुमारे अकरा हजार मोठ्या मूकपटांपैकी ७० टक्के समूळ गेले आहेत. आपल्याकडची कथा याहून वाईट. तेराशेहून अधिक मूकपट या देशात निघाले. त्यांतले पूर्ण-अपूर्ण मिळून आज दोनतीन डझनांच्या वर भरत नाहीत. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांतारामबापूंनी शेतकऱ्याचे काम केले, तो नाही. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला बोलपट ‘आलम आरा’, तोही नाही. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा त्यात कसे दिसत असतील, हे आता छापील चित्रांवरूनच ताडायचे.

अशा काळात इंग्लंडमध्ये एक मुलगा वाढत होता. केव्हिन ब्राउनलो त्याचे नाव, जन्म १९३८ चा. अकराव्या वर्षी त्याला एक लहानसा प्रोजेक्टर मिळाला. पाथे कंपनीने घरी दाखवण्यासाठी साडेनऊ मिलिमीटरच्या अरुंद पट्टीवर जुने मूकपट काटछाट करून विकले होते. युद्धानंतर ते कोणालाच नको होते आणि फोटोच्या दुकानांतून, जुन्या बाजारातून किरकोळ भावाने मिळत. हा मुलगा खाऊच्या पैशांतून ती रिळे घेऊ लागला. त्याच्याबरोबरीची मुले त्या काळातल्या ताज्या नटांची नावे घेत असणार. हा मात्र रिळात दिसणारा माणूस डग्लस फेअरबँक्स आहे, हे जुन्या पुस्तकांशी ताडून पाही. पडद्यावरच्या चेहऱ्याला नाव लावायचे, हेच त्याचेही पहिले काम होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पंधरासोळाव्या वर्षी, १९५४ साली, त्याने भाड्याने आणलेला एक फ्रेंच चित्रपट त्याला रुचला नाही. दुसरे काही आहे का, अशी चौकशी करता ‘नेपोलियन’ची दोन रिळे हाती आली. आबेल गान्स याने १९२७ साली काढलेले हे अवाढव्य चित्र तोवर तुकडेतुकडे होऊन गेले होते. शेवटी तीन पडदे शेजारीशेजारी मांडून दाखवायचे चित्र ते. बोलपटाच्या लाटेत त्याला कोण विचारतो? मुलाने ती दोन रिळे घरच्या भिंतीवर पाहिली आणि त्याच्या आयुष्याला दिशा लागली. उरलेले तुकडे शोधायचे, हे त्याने ठरविले. गान्स हयात होता. मुलाने त्याला पत्र लिहिले, आणि पुढे तो लंडनला आला असता त्याची गाठही घेतली. जगाने टाकून दिलेल्या त्या म्हाताऱ्याला, आपले चित्र एका इंग्रज शाळकरी मुलाला तोंडपाठ आहे हे पाहून काय वाटले असेल!

तुकडे जमवायला पंचवीस वर्षे लागली. १९७९ च्या सप्टेंबरात कोलोराडोमधल्या टेल्युराइड या डोंगरातल्या गावी जुळवलेला ‘नेपोलियन’ उघड्यावर दाखविला गेला. रात्र थंड होती. एकोणनव्वद वर्षांचा गान्स हॉटेलच्या खिडकीतून तो पाहत होता. पुढच्या वर्षी लंडनमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह खेळ झाला, आणि १९८१ च्या नोव्हेंबरात गान्स वारला. नेपोलियन झालेला नट आल्बेर द्योदोने याच्या आधीच, १९७६ साली, गेला होता. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला नेपोलियनच्या पोशाखात पुरले, असे सांगतात.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने ब्राउनलोचे दुसरे काम अधिक मोलाचे. पंचविशीत तो म्हाताऱ्या नटनटींच्या दारी जाऊ लागला. बस्टर कीटन, हॅरॉल्ड लॉइड, मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वॉन्सन, आणि ज्यांची नावे आम्हीही त्याच्याच पुस्तकात प्रथम वाचली अशी कितीतरी माणसे. हे काम कसे केलेत, तो दिवा कोठे होता, पडताना लागले का, असे प्रश्न त्याने विचारले. कीटन १९६६ साली गेला. दहा वर्षे उशीर झाला असता, तर विचारायला माणूसच उरला नसता. हे पुस्तक १९६८ साली निघाले. १९८० साली त्याने डेव्हिड गिलसह मूकपटांवर दूरचित्रवाणीची तेरा भागांची मालिका केली. २०१० साली त्याला सन्मानाचे ऑस्कर मिळाले. बहात्तराव्या वर्षी.

फ्रान्समधल्या आंरी लांग्ल्वाची तऱ्हा निराळी. हा १९१४ साली स्मर्ना बंदरात जन्मला. १९२२ साली ते शहर जळाले तेव्हा त्याचे कुटुंब पॅरिसला आले. एकविसाव्या वर्षी, १९३६ साली, मित्राच्या मदतीने त्याने ‘सिनेमातेक’ हे संग्रहालय काढले. सुरुवातीला रिळे घरातल्या न्हाणीच्या टबात होती, अशी आख्यायिका आहे. १९५५ साली पॅरिसमध्ये त्याने सिनेमाच्या साठ वर्षांचे प्रदर्शन मांडले. दारातच दोन भव्य चेहरे टांगले होते: एक जोन ऑफ आर्क झालेली फाल्कोनेत्ती, आणि दुसरी लुईझ ब्रुक्स. ही ब्रुक्स कोण, असे लोक विचारू लागले. १९२९ साली बर्लिनमध्ये पाब्स्टच्या चित्रात नायिका झालेली ही अमेरिकन नटी. तिचा शेवटचा चित्रपट १९३८ चा, आणि युद्धानंतर ती न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या दुकानात विक्रेतीचे काम करून पोट भरत होती. तिचा आणखी एक भक्त, रॉचेस्टर शहरातल्या संग्रहालयाचा जेम्स कार्ड, तिला शोधत गेला. १९५६ साली ती रॉचेस्टरला राहायला आली. तिथे तिने आपले जुने चित्रपट पाहिले. त्यांतले कित्येक तिने पूर्वी पाहिलेलेच नव्हते, असे म्हणतात. आणि ती लिहू लागली. तिचे लेख १९८२ साली पुस्तकरूपाने आले. नटीने नटीच्या धंद्याविषयी इतके धारदार गद्य क्वचितच लिहिले असेल. चार वेड्या चाहत्यांनी तिचे दार ठोठावले नसते, तर हे गद्य जन्मालाच आले नसते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. लांग्ल्वाला साठविण्याचे वेड होते, सांभाळण्याची शिस्त नव्हती. याद्या अपुऱ्या, डब्या कोठेही. पन्नाशीच्या दशकाअखेरीस त्याच्या साठ्याला आग लागली, आणि तीत एरिक फॉन श्ट्रोहाइमच्या ‘हनिमून’ या चित्रपटाची जगातली शेवटची प्रत गेली. लंडनच्या संग्रहालयातला अर्नेस्ट लिंडग्रेन याच्या उलट. एकच प्रत असेल तर ती प्रोजेक्टरला लावायचीच नाही, आधी दुसरी काढा, हा त्याचा नियम. लांग्ल्वा म्हणे, न दाखविलेले चित्र मेलेलेच. या दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला. आम्हांला लिंडग्रेनचे म्हणणे पटते आणि लांग्ल्वा आवडतो. कारण त्याच्या त्या कोंदट खोलीत रोज रात्री पुढच्या रांगेत जी मुले बसत, त्यांतूनच त्र्युफो आणि गोदार निघाले. १९६८ च्या फेब्रुवारीत सरकारने लांग्ल्वाला काढले, तेव्हा हीच मंडळी रस्त्यावर उतरली, आणि एप्रिलात त्याला परत आणावे लागले.

अमेरिकेत मात्र मुलांना इतके हिंडावे लागले नाही. १९५५ नंतरच्या तीनचार वर्षांत आरकेओ, वॉर्नर, एमजीएम, पॅरामाउंट यांचे जुने साठे दूरचित्रवाणीवर आले, आणि लॉरेल-हार्डी पुन्हा नव्या पोरांच्या घरात शिरले. हम्फ्री बोगार्ट १९५७ च्या जानेवारीत वारला. त्याच वर्षी हार्वर्डच्या शेजारच्या ब्रॅटल थिएटरात ‘कासाब्लांका’ लागला, आणि परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी तिथे जाऊन संवाद नटाबरोबर म्हणू लागले. न्यू जर्सीतला लेनर्ड मॉल्टिन पंधराव्या वर्षी जुन्या नटांवरचे एक मासिक चालवू लागला. शाळेतल्याच एका अध्यापकांच्या ओळखीतून तो एका प्रकाशकाच्या संपादकापर्यंत पोचला, आणि अठराव्या वर्षी त्याचा चित्रपटकोश बाजारात आला. १९६९ ते २०१४ पर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत होत्या.

दूरचित्रवाणीच्या स्वतःच्या नटांचे हाल मात्र सिनेमाहून वाईट झाले. टेप महाग, एकदा दाखविले की पुसून वर दुसरे भरायचे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे, १९६३ साली सुरू झालेले, विल्यम हार्टनेल आणि पॅट्रिक ट्राउटन या पहिल्या दोन नटांचे शंभराच्या जवळपास भाग अशा रीतीने गेले. पण त्या काळी काही मुले शनिवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर टेपरेकॉर्डर मांडून बसत. ध्वनिवर्धक पेटीजवळ धरायचा आणि अर्धा तास घरात कोणी शिंकायचे नाही, हा दंडक. ज्या भागांचे चित्र कायमचे हरवले, त्यांचा आवाज तेवढा एकूण एक आज उपलब्ध आहे, तो या मुलांमुळे. हार्टनेलचे चाचरत बोलणे, मध्येच शब्द चुकणे, सारे जसेच्या तसे.

आमचीही या संप्रदायात थोडी उपासना झाली आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चाळीत पेटी एक, आणि शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपटाला त्या बिऱ्हाडात पाय ठेवायला जागा नसे. तिथेच आम्ही ‘कुंकू’ पाहिला. वर्गातली मुले अमिताभ बच्चनसारखे चालून दाखवीत. आम्ही केशवराव दात्यांसारखी मान खाली घालून उभे राहायला शिकत होतो. तरुण मुलीशी लग्न करून बसलेला आणि ती चूक हळूहळू उमगत जाणारा तो म्हातारा वकील. खलपुरुषाचा आपल्याला इतका कळवळा का यावा, हे तेव्हा समजले नाही. केशवरावांना पत्र लिहायचे आम्ही योजले होते. ते १९७१ सालीच निवर्तले, हे पुष्कळ उशिरा कळले. मग जुन्या कीर्दवहीत त्यांची, शांता आपट्यांची, विष्णुपंत पागनिसांची चित्रे डकविली, खाली खळीने चिकटलेल्या पट्ट्यांवर तारखा घातल्या. एका उन्हाळ्यात आम्ही आजोळी गेलो असता घरच्या वडीलधाऱ्यांनी ती वही रद्दीत घातली. किलोवर गेली. रागावण्याचे ते वय नव्हते, आणि रागावायचे तरी कोणावर? घरात जागा नव्हती. युनिव्हर्सल कंपनीनेही निराळे काही केले नव्हते.

आता त्रिवेंद्रमचा मुलगा. परमेश कृष्णन नायर, म्हणजेच पी. के. नायर. दिग्दर्शक व्हायचे म्हणून ते मुंबईला आले, काही वर्षे मोठ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली काढली, आणि आपला पिंड चित्रे काढण्याचा नसून जपण्याचा आहे हे ओळखून १९६१ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. प्रभातच्या जुन्या आवारातच ही संस्था निघालेली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत नायरांनी तिथे सुमारे बारा हजार चित्रपट जमविले. त्यांत आठ हजारांवर भारतीय. यादीत काय नाही हे त्यांना पाठ असे, आणि त्यासाठी ते गावोगाव हिंडत. ‘आलम आरा’साठी ते अर्देशिर इराणींकडे गेले. म्हातारबुवांना वाटत होते, रिळे कोठेतरी असतील. घरच्यांनी नायरांना बाजूला घेऊन सांगितले, की चांदीसाठी ती केव्हाच गेली.

नाशिकला, फाळक्यांच्या घरी, नशिबाने साथ दिली. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे मिळाली. ती १९१३ ची, की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्राची, हा वाद अभ्यासकांत आहे. आमच्यासारख्यांना तारामती झालेले अण्णा साळुंके हलताना दिसतात, याचेच अप्रूप. फाळक्यांना स्त्रीभूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या या तरुणाला त्यांनी उचलला, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तोच राम आणि तोच सीता झाला. त्याच शोधात १९१९ च्या ‘कालियामर्दन’ची रिळेही हाती लागली.

पुढे प्रभातच्या आवारातल्या कोठीला ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि नायट्रेटचा मोठा साठा जळाला. नायर तेव्हा निवृत्त होते. ते २०१६ च्या मार्चमध्ये पुण्यातच गेले. त्यांच्यावरचा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा २०१२ चा चित्रपट शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी केला, आणि दोनच वर्षांनी जुने चित्रपट जपण्यासाठी एक प्रतिष्ठानही काढले. वजनाच्या तिकिटांची आठवण नायरांनी त्याच चित्रपटात सांगितली आहे.

‘कालियामर्दन’ आम्ही पुण्याला पाहिला. आरंभी फाळक्यांनी आपली मुलगी मंदाकिनी हिला, वेष चढविण्यापूर्वी, कॅमेऱ्यासमोर बसविले आहे. सातएक वर्षांची पोर. ती एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते, आणि पाहतापाहता त्याच चेहऱ्यातून बाळकृष्ण उमटतो. खेळ संपून दिवे लागले तेव्हा शेजारचा कॉलेजातला मुलगा वहीत काही उतरून घेत होता.

“काका,” त्याने विचारले, “हिने आणखी कशात काम केलंय, ठाऊक आहे का हो?”

“‘श्रीकृष्णजन्म’,” आम्ही म्हटले, “१९१८.”

त्याने तेही लिहून घेतले.